आवाज अडतो कुठे?

तुमच्या घरी माळ्यावर किंवा शोकेसमध्ये एखादी जुनी म्युझिक सिस्टिम पडून आहे का? एक अ‍ॅम्प्लिफायर, एक कॅसेट डेक आणि लाकडी खोक्यांचे दोन स्पीकर? असेल तर ती भंगारवाल्याला देण्याआधी जरा थांबा. आमच्याकडे गेल्या मे महिन्यात काय झालं ते आधी ऐका.

माझी ताई वाईला राहते. सुट्टीत आम्ही सगळे तिच्याकडे जमलो होतो. भाचीने कपाट आवरताना एक कॅसेट शोधून काढली. वर पेनने लिहिलेलं, ‘आजी – ओव्या – १९८७’. ही माझी आजी, म्हणजे मुलांची पणजी. जात्यावर दळताना ती ओव्या म्हणायची. मामाने कुणाचा तरी टेपरेकॉर्डर मागून आणून त्या टेप केल्या होत्या. आजी १९९१ मध्ये गेली. तिचा आवाज असलेली जगात एवढी एकच वस्तू!

दाजींनी १९८९ सालच्या दिवाळी बोनसमधून घेतलेली सिस्टिम अजून चालू होती. कॅसेट लावली. जात्याची घरघर आली, आवाजही आला, पण कसा? कुणीतरी जाड घोंगडं पांघरून गातंय असा. शब्द एकही कळेना. माझी आई कान देऊन बसली होती, तीही हिरमुसली.

“मावशी, हे जुनंपानं टाकून द्या. नवा साउंडबार घेऊ,” भाचा म्हणाला. जाहिरातीत त्याने वॉटचे आकडे पाहिले होते.

वॉटवर एवढं भुलू नका बरं का. पूर्वी आपल्याकडे टेपरेकॉर्डरच्या खोक्यांवर ‘१००० वॉट पी.एम.पी.ओ.’ असे स्टिकर असायचे. तो आकडा क्षणभर मिळू शकणाऱ्या ताकदीचा, आणि तोही फुगवलेला. शिवाय आपल्या कानाचा हिशेब वेगळाच असतो. आवाज दुप्पट मोठा वाटायला ताकद साधारण दहापट लागते! आणि मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज नव्हे. हाय-फाय हे ‘हाय फिडेलिटी’चं छोटं रूप. फिडेलिटी म्हणजे इमान. मूळ आवाजाशी इमान राखायचं, एवढंच त्या यंत्राचं काम.

दाजी शांतपणे म्हणाले, “पैसे शेवटी. आधी फुकटातलं करून बघू.” आणि पहिलं काम त्यांनी केलं ते म्हणजे ओव्यांची कॅसेट काढून बाजूला ठेवली. एकच प्रत आहे, तिच्यावर प्रयोग नकोत! प्रयोगाला जुन्या सिनेगाण्यांची एक कॅसेट घेतली.

मग आम्ही खोलीकडे पाहिलं. एक स्पीकर कपाटावर पंख्याकडे तोंड करून बसलेला. दुसरा सोफ्यामागच्या कोपऱ्यात, पुढ्यात वर्तमानपत्रांची रद्दी. तुमच्याकडेही असंच असेल, नाही का? स्पीकरची जागा बहुतेक घरांत झाडू मारणाऱ्याच्या सोयीने ठरते.

दोन्ही स्पीकर खाली काढून स्टुलांवर ठेवले. वरचा छोटा स्पीकर, ज्याला ट्वीटर म्हणतात, तो बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आला पाहिजे. बारीक, तीक्ष्ण आवाज सरळ रेषेत जातात, बाजूला फारसे पसरत नाहीत. सोफा मध्ये आला की ते तिथेच अडतात. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा साधारण समभुज त्रिकोण करायचा. भूमितीच्या तासाला कंटाळा येत असेल तर हा त्रिकोण करून बघा!

कोपऱ्यातून बाहेर काढल्याबरोबर ढोलाचा ‘बुम्म’ कमी झाला. भिंतीला चिकटलेल्या, त्यातही कोपऱ्यातल्या स्पीकरचा खर्ज भिंतींमुळे फुगतो. खोलीसुद्धा स्वतःचा सूर लावते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. समोरासमोरच्या भिंतींत ३.४ मीटर, म्हणजे साधारण ११ फूट अंतर असेल, तर ५० हर्ट्झच्या लाटेची बरोबर अर्धी लांबी त्यात बसते. मग तो एकच सूर खोलीत घुमत राहतो. घरी टेप घेऊन मोजा आणि तुमच्या खोलीचा सूर काढा. (३४० ला अंतराच्या दुपटीने भागायचं.) सिस्टिम नसेल तरी चालेल. मोबाइलचा छोटा ब्लूटूथ स्पीकर कोपऱ्यात ठेवून ऐका, मग खोलीच्या मध्ये स्टुलावर. फरक आजीलाही कळेल!

तरीही काहीतरी चुकत होतं. जुनी सिनेगाणी मोनो असतात, म्हणजे दोन्ही स्पीकरना अगदी एकच आवाज मिळतो. अशा वेळी गाणारा बरोबर मधोमध, जिथे स्पीकर नाहीच तिथे, उभा आहे असं वाटायला हवं. इथे मात्र गायिका कुठे आहे तेच कळेना. आवाज खोलीभर पातळ पसरलेला, तबल्याचा डग्गा गायब. दाजी स्पीकरमागे वाकले आणि हसायलाच लागले. एका स्पीकरच्या तारा उलट लागल्या होत्या! लाल जागी काळी, काळ्या जागी लाल. त्यामुळे एका स्पीकरचा पडदा हवा पुढे ढकलायचा तेव्हा दुसऱ्याचा मागे ओढायचा. मोठ्या लाटा एकमेकींना खाऊन टाकत होत्या. घर रंगवताना १९९८ मध्ये कुणीतरी तारा काढून परत लावल्या होत्या. म्हणजे इतकी वर्षं आम्ही अर्धा डग्गा ऐकत होतो!

तुम्हीही तपासा. तारांच्या जोडीत एकीवर रेघ किंवा वेगळा रंग असतो. ती दोन्हीकडे लाल जागी हवी. पण हे करताना अ‍ॅम्प्लिफायरचा प्लग भिंतीतून काढलेला हवा आणि मोठं माणूस शेजारी हवं. अ‍ॅम्प्लिफायरचं झाकण मात्र अजिबात उघडायचं नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठून राहते.

हजारो रुपयांच्या स्पीकर-तारांच्या जाहिराती पाहिल्यात? घरातल्या दोन-चार मीटर अंतराला चांगल्या जाडीची साधी तांब्याची तार पुरते. ते पैसे वाचवा.

आता गोधडीची गोष्ट. खोलीत टाळी वाजवली की मागून एक कर्कश ‘टर्र’ यायचा. गुळगुळीत फरशी, नुसत्या भिंती, पडदे धुवायला काढलेले. आवाज भिंतीवर आपटून उशिरा कानात येतो आणि शब्दावर शब्द चढतो.

ह्याच दुखण्यावर अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाने १८९५ मध्ये वॉलेस सेबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाला कामाला लावलं होतं. नव्या फॉग कलासंग्रहालयातल्या व्याख्यानाच्या दालनात एक शब्द उच्चारला की तो साडेपाच सेकंद घुमायचा! तेवढ्यात पुढचे दहा-पंधरा शब्द बोलून व्हायचे. मग मुलांना काय कळणार? सेबिनने काय करावं? जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या तो रात्री सहायकांना घेऊन उचलून आणायचा. थोड्या गाद्या ठेवायच्या, ऑर्गनची नळी वाजवून थांबवायची, नाद विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. मग आणखी गाद्या. सकाळच्या आत सगळ्या जागच्या जागी! रात्रच का? दिवसा रस्त्यावरच्या आवाजात मंद होत जाणारा नाद ऐकूच येत नसे. त्यातून त्याने सूत्र काढलं. खोली जेवढी मोठी तेवढा घुमारा जास्त, मऊ वस्तू जेवढ्या जास्त तेवढा तो कमी. त्याच्या हिशेबाने बांधलेला बॉस्टनचा सिम्फनी हॉल १९०० मध्ये उघडला आणि आजही जगातल्या उत्तम सभागृहांत त्याचं नाव घेतात.

आमच्याकडे थिएटरच्या गाद्या नव्हत्या, पण ताईच्या गोधड्या होत्या. कुठे टांगायच्या? भाचा सोफ्यावर बसला आणि भाची बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत गेली. जिथे भाच्याला आरशात स्पीकर दिसला, तिथेच आवाज आपटून त्याच्या कानाकडे येतो! दोन्ही बाजूंना तशा जागी गोधडी टांगली, खाली सतरंजी अंथरली. टाळीचा ‘टर्र’ गेला. पुस्तकांनी भरलेलं कपाटही बरंच काम करतं. सगळ्या खोलीला गोधड्या लावू नका मात्र, आवाज मेल्यासारखा होतो.

आता कॅसेट डेक. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी किंचित ओली करून दाजींनी हेड पुसलं. काडी तपकिरी झाली. टेपवरचा चुंबकीय थर वर्षानुवर्षं झिजून तिथे चिकटला होता. कॅसेटची टेप सेकंदाला फक्त पावणेपाच सेंटिमीटर सरकते. १०,००० हर्ट्झच्या सुराची एक लाट टेपवर किती जागा घेत असेल? एका मिलीमीटरचे हजार भाग करा, त्यातले जेमतेम पाच! एवढ्याशा खुणेपुढे मळाची पुटं म्हणजे डोंगरच.

मग ओव्यांची कॅसेट लावली. आवाज बराच मोकळा झाला होता, पण शब्दांची टोकं अजून बोथट. ‘स’ आणि ‘च’ सारखेच ऐकू येत होते.

हेडमध्ये एक अतिशय बारीक उभी फट असते. ती टेपला बरोबर काटकोनात हवी. मामाने मागून आणलेल्या टेपरेकॉर्डरचं हेड किंचित कललेलं असणार, आणि आमचं सरळ. दोघांचा कल जुळत नव्हता. हेडशेजारी स्प्रिंगवर बसलेला एक छोटा स्क्रू असतो, त्याने हा कल बदलतो. दाजींनी आधी स्क्रूच्या मूळ जागेवर रंगाची खूण केली. मग कॅसेट चालू ठेवून स्क्रू केसभर फिरवला. आवाज आणखी बसला. म्हणजे उलटी दिशा! परत मागे, खुणेच्या पलीकडे, अगदी थोडा...

“थांबा!” भाची ओरडली.

बांगड्या वाजल्या. खरंच, आधी घरघरीखाली दबलेल्या काचेच्या बांगड्या किणकिणल्या. शब्द आले. आणि आजीने ओवी संपवली की तिचं शेवटचं अक्षर उचलून आणखी कुणीतरी हळूच गात होतं. इतका वेळ तो आवाज आम्हाला कळलाच नव्हता.

“ही दुसरी कोण?” भाच्याने विचारलं.

“दळायला एकटी बसतं का कुणी?” माझी आई म्हणाली. “समोर मी होते.”

भाचा उठला आणि तिच्या शेजारी जाऊन बसला. पहिली बाजू संपेपर्यंत कुणी बोललं नाही.

त्याच दुपारी कॅसेट डेकची वायर लॅपटॉपला जोडून दोन्ही बाजूंची नक्कल केली, आणि त्या नकलेच्या आणखी दोन प्रती मामाकडे आणि माझ्याकडे ठेवल्या. संध्याकाळी दाजींनी स्क्रू परत रंगाच्या खुणेवर आणून ठेवला, कारण बाकीच्या कॅसेटना तोच कल लागतो. गोधड्या मात्र ताईने रात्री झोपायच्या वेळी काढून नेल्या.