फोकसचा बिंदु कोणी निवडावा?

हल्लीं लग्नघरांत, जत्रेंत, शाळेच्या संमेलनांत डिजिटल कॅमेरा हातीं घेतलेला एखादा तरुण हमखास दिसतो. कॅमेरा उत्तम असतो, प्रकाशही पुरेसा असतो. आणि तरीही घरीं येऊन चित्र मोठें करून पाहावें, तों नवरीच्या मुंडावळ्यांचा एकेक मणि स्पष्ट आणि तिचे डोळे मात्र अंधुक! हा दोष बहुधा यंत्राचा नसतो. फोकस कोठें साधावयाचा हें यंत्राला कोणी सांगितलेलें नसतें, म्हणून तें आपल्याच अंदाजानें ठरवितें. हें त्याला कसें सांगावें, आणि कोणत्या प्रसंगीं कोणती रीत योजावी, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम मूळ तत्त्व पाहूं. भिंग एका वेळीं एकाच अंतरावरील वस्तु नेमकी स्पष्ट दाखवूं शकतें. त्या अंतराच्या थोडें अलीकडे आणि थोडें पलीकडे असलेलें आपल्या डोळ्यांना स्पष्टच भासतें. पण हा पट्टा किती अरुंद असतो, याची कल्पना पुष्कळांना नसते. ३६ मिलिमीटर रुंद व २४ मिलिमीटर उंच संवेदकाचा कॅमेरा घ्या, त्यावर ८५ मिलिमीटरचें भिंग लावा, त्याचें छिद्र १.८ या आंकड्यावर उघडें ठेवा आणि २ मीटरांवर उभ्या असलेल्या माणसाचें चित्र घ्या. हा पट्टा सारा मिळून सुमारें ६ सेंटिमीटर भरतो. म्हणजे नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचें अंतरही त्यांत मावत नाहीं! फोकस नथीवर बसला, तर डोळे त्या पट्ट्याच्या अगदीं काठावर जातात. छिद्र लहान केलें किंवा आपण मागें सरलों, म्हणजे पट्टा रुंद होतो. परंतु मंद प्रकाशांत छिद्र लहान करून चालत नाहीं. म्हणून बिंदूची निवड महत्त्वाची.

आतां यंत्र फोकस कसा साधतें? त्याला वस्तूची ओळख पटावी लागते ती कडांवरून. प्रकाश आणि छाया जेथें एकमेकांना भिडतात, अशी रेषा त्याला हवी असते. कोऱ्या चुन्याच्या भिंतीवर किंवा निरभ्र आकाशावर बिंदु ठेवला, तर भिंग पुढें-मागें घरघर फिरतें आणि कोठेंच ठरत नाहीं. आपोआप फोकस साधणारा, मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला कॅमेरा म्हणजे १९७७ सालचा कोनिका सी-३५ एएफ. आणि १९८५ सालच्या मिनोल्टा ७००० नंतर ही सोय भिंग बदलतां येणाऱ्या कॅमेऱ्यांत रूढ झाली. आरशाच्या साध्या कॅमेऱ्यांत हे बिंदु मोजकेच असतात: निकॉन डी-३५०० मध्यें ११, कॅनन १५०० डी मध्यें ९. या दोहोंतही मधला बिंदु फुलीच्या आकाराचा, म्हणजे आडव्या व उभ्या दोन्ही रेषा ओळखणारा, म्हणून सर्वांत विश्वासू असतो. आरशाविना चालणाऱ्या नव्या कॅमेऱ्यांत मात्र असे बिंदु शेंकड्यांनीं असतात आणि ते जवळजवळ सारी चौकट व्यापतात.

या बिंदूंपैकीं कोणते कामाला लावावयाचे, यावरून चार रीती होतात.

पहिली रीत स्वयंचलित. सारे बिंदु खुले ठेवून निवड यंत्रावर सोंपवावयाची. वर्गांत गुरुजींनीं 'कोणी तरी उत्तर सांगा' म्हटलें, तर पहिल्या बांकावरचा मुलगाच हात वर करतो. त्याप्रमाणें यंत्र बहुधा सर्वांत जवळची, ठळक कडांची वस्तु पकडतें. मोकळ्या अंगणांत एकटा मुलगा उभा असेल, तर ही रीत पुरेशी आहे. परंतु अंतरपाट दूर होण्याच्या क्षणीं पुढें भटजींचा हात, मध्यें उडणाऱ्या अक्षता आणि त्यामागें वधूवर असतात. तेथें यंत्र कोणाला पकडील याचा भरंवसा नाहीं, आणि तो क्षण पुन्हां येत नाहीं.

दुसरी रीत एका बिंदूची. गुरुजींनीं नांव घेऊन मुलाला उभें करावें, तशी. आपण बिंदु सरकवून डोळ्यावर आणतों, आणि यंत्र दुसरीकडे पाहत नाहीं. वस्तु स्थिर असेल आणि तिच्यापुढें अडथळे असतील, तेव्हां हीच रीत योजावी. मधल्या बिंदूनें फोकस धरून, बटण अर्धें दाबून ठेवून, मग चौकट बदलण्याची जुनी सवय पुष्कळांना असते. दूरच्या दृश्याला ती चालते. पण जवळून, मोठ्या छिद्रानें चित्र घेतांना कॅमेरा वळवितांच अंतर बदलतें आणि डोळा त्या अरुंद पट्ट्याबाहेर जातो. अशा वेळीं बिंदूच सरकवावा.

तिसरी रीत बिंदूंच्या समूहाची. हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यांत बदकांचा थवा उठला, कीं एका बिंदूखालीं पक्षी धरून ठेवणें मोठें अवघड. तेथें नऊ बिंदूंचा किंवा त्याहून मोठा समूह घ्यावा. एका बिंदूखालून पक्षी निसटला, तर शेजारचा त्याला सांभाळतो. मागें मोकळें आकाश असेल तर समूह मोठा घ्यावा, झाडी असेल तर लहान. कबड्डीच्या मैदानावरही हाच नियम.

चौथी रीत मागोव्याची. आपण एकदां वस्तु दाखवावी आणि यंत्रानें ती चौकटीभर अनुसरावी. नवे कॅमेरे माणसाचा आणि पशुपक्ष्यांचाही डोळा ओळखतात. ही सोय खरोखर उपकारक आहे. पण एका चौकटीत दहा चेहरे असतां आपला कोणता, हें तिलाही सांगावेंच लागतें.

यासोबत दुसरी एक कळ लक्षांत ठेवावी. स्थिर वस्तूला एकदां फोकस धरून थांबणारी रीत, आणि हलत्या वस्तूला सतत फोकस बदलीत राहणारी रीत. बिंदूंचा समूह घेतला आणि ही कळ स्थिरावर राहिली, तर बदक उडून जातें आणि फोकस जुन्या जागींच राहतो.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? खानदेशांतीलच एक उदाहरण घ्या. रानपिंगळा हा लहान घुबडाच्या जातीचा पक्षी. त्याचा पहिला नमुना १८७२ सालीं रायपूरच्या पूर्वेकडील प्रदेशांत मिळाला. पुढें जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्यानें पश्चिम खानदेशांत त्याचे आणखी नमुने जमविले. १८८४ नंतर तो दिसेनासा झाला. १९१४ सालीं गुजरातेंत मांडवीपाशीं तो मिळाल्याचा दावा रिचर्ड माइनर्ट्झहागेन याच्या संग्रहांत होता. तो नमुना चोरीचा व त्याची नोंद खोटी असल्याचें पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनीं दाखवून दिलें. मग खऱ्या नमुन्यांच्या जागीं शोध झाला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्यें सातपुड्याच्या पायथ्याशीं शहाद्याजवळ रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांना हा पक्षी ११३ वर्षांनीं पुन्हां दिसला. शहादें तेव्हां धुळें जिल्ह्यांत होतें. १ जुलै १९९८ पासून तें नंदुरबार जिल्ह्यांत आहे. पुढें यावलच्या अभयारण्यांतही त्याची नोंद झाली.

आपल्या गांवाशेजारचा नेहमींचा पिंगळा आणि हा रानपिंगळा यांत भेद कसला? नेहमींच्या पिंगळ्याच्या डोक्यावर व पाठीवर पांढरे ठिपके स्पष्ट असतात. रानपिंगळ्याच्या डोक्यावर व पाठीवर ते जवळजवळ नसतात, पंखांवर व शेपटीवर मात्र ठळक पट्टे असतात. म्हणजे ठिपके आहेत कीं नाहींत, यावर सारी ओळख अवलंबून! फोकस पुढच्या सागाच्या फांदीवर बसला, तर ठिपके आपोआपच पुसले जातात, आणि सामान्य पिंगळाही रानपिंगळा भासूं लागतो. अशा चित्रावरून केलेली नोंद ही नोंद नसण्यापेक्षां वाईट. म्हणून येथें एक बिंदु घ्यावा, तो फांद्यांच्या फटींतून पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवावा, आणि ढोलीजवळ न जातां दुरूनच चित्र घ्यावें.

चाळीसगांवचे छायाचित्रकार केकी मूस यांचें नांव आपणांस ठाऊक असेलच. १९१२ ते १९८९ हा त्यांचा जीवनकाल. मेजावर लहानसहान वस्तु मांडून त्यांतून निसर्गदृश्यें उभीं करण्यांत त्यांचा हातखंडा होता. त्यांच्या कारकीर्दीचा बहुतेक काळ स्वयंचलित फोकस बाजारांत आलेलाच नव्हता. कोणती वस्तु स्पष्ट ठेवावयाची, हें ठरविणें सर्वस्वीं माणसाचेंच काम होतें. त्यांचें निवासस्थान आज संग्रहालय म्हणून जपलें आहे. चाळीसगांवीं गेल्यास तीं चित्रें अवश्य पाहावींत.

शेवटीं एक अभ्यास सुचवितों. अंगणांत तीन तांबे तिरप्या ओळींत, एकमेकांपासून हातभर अंतरावर मांडावे. भिंगाचें छिद्र पूर्ण उघडून प्रथम स्वयंचलित रीतीनें एक चित्र घ्यावें. मग एक बिंदु मधल्या तांब्याच्या कांठावर ठेवून दुसरें, शेवटच्यावर ठेवून तिसरें. तिन्ही चित्रें मोठीं करून शेजारीं शेजारीं पाहावींत. लग्नाला किंवा रानांत जाण्यापूर्वीं हा अभ्यास चार दिवस केला, तर बिंदु सरकविणारें बोट न पाहतां चालूं लागेल, आणि अंतरपाट दूर होईल त्या क्षणीं आपली नजर कॅमेऱ्याच्या कळांवर नसून वधूवरांवर असेल.