खरेदीखताबरोबर येणारे नियम

अमेरिकेतील नव्या उपनगरांत घर घेतले की खरेदीखताबरोबर बहुधा आणखी एक गोष्ट पदरात पडते: त्या वसाहतीच्या होमओनर्स असोसिएशनचे, म्हणजे एचओएचे, सभासदत्व. ते नाकारण्याची सोय नसते. पहिले घर विकण्याआधीच बिल्डर संपूर्ण वसाहतीसाठी एक घोषणापत्र काउंटीच्या दप्तरी नोंदवून ठेवतो. त्यातील निर्बंध जमिनीबरोबर चालतात. मालक बदलला तरी ते राहतात, आणि नव्या मालकाने ते वाचले नसले तरी त्याला लागू होतात. अशा वसाहतींना ‘डीड रिस्ट्रिक्टेड’ म्हणतात. आज सुमारे साडेसात कोटी लोक अशा असोसिएशनांच्या अखत्यारीत राहतात, आणि न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबांचीही त्यांच्याशी गाठ पडते.

मुंबई-पुण्याच्या गृहनिर्माण सोसायटीच्या अनुभवावरून एचओएचा अंदाज बांधला तर तो चुकतो. महाराष्ट्रात सोसायटीवर सहकार कायदा असतो आणि तक्रार घेऊन उपनिबंधकांकडे जाता येते. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत असा निबंधक नाही. वाद विकोपाला गेला तर दार न्यायालयाचे, आणि वकिलाची फी घरमालकाच्या खिशातून.

कागदपत्रांना उतरंड असते. सर्वांत वर घोषणापत्र, ज्याला ‘सीसी अँड आर’ (कव्हेनंट्स, कंडिशन्स अँड रिस्ट्रिक्शन्स) म्हणतात. ते बदलायला बहुधा घरमालकांचे मोठे बहुमत लागते. त्याखाली उपविधी, म्हणजे निवडणुका, सभा आणि संचालक मंडळाचे अधिकार. सर्वांत खाली मंडळाने केलेले रोजचे नियम. हा फरक घर घेणाऱ्याच्या फार कामाचा आहे. पाहुण्यांच्या पार्किंगचा आजचा नियम मंडळ उद्याच्या बैठकीत बदलू शकते. घोषणापत्रातील मनाई मात्र वर्षानुवर्षे हलत नाही. म्हणून कोणती अट कोणत्या कागदात आहे, हे आधी पाहावे.

घोषणापत्रातील अट किती पक्की असते, हे कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली नारस्टेट खटल्यात दाखवून दिले. लॉस एंजेलिसजवळच्या कल्व्हर सिटीतील लेकसाइड व्हिलेज या ५३० घरांच्या संकुलात एक महिला आपल्या तीन मांजरांसह राहायला आली. तिथे मांजर-कुत्र्यांना बंदी होती. ती आपल्याला ठाऊक नव्हती आणि मांजरे घराबाहेर जातच नाहीत, असे तिचे म्हणणे. न्यायालयाने कौल असोसिएशनला दिला: नोंदवलेली अट वाजवीच मानली जाईल, आणि ती एका घरापुरती नव्हे तर साऱ्या संकुलाच्या दृष्टीने तपासली जाईल. पुढे राज्याने किमान एक प्राणी पाळण्याचा हक्क कायद्याने दिला, पण न्यायालयाने घालून दिलेले ते तत्त्व टिकून आहे.

काही ठिकाणी मात्र कायदा असोसिएशनचा हात रोखतो. जुन्या खतांत कृष्णवर्णीयांना, काही ठिकाणी आशियाई लोकांनाही, घर विकू नये अशी कलमे असत. १९४८ च्या ‘शेली विरुद्ध क्रेमर’ निकालाने ती न्यायालयातून अमलात आणणे बंद झाले आणि १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने असा भेदभावच बेकायदा ठरला. छोटी डिश अँटेना किंवा राष्ट्रध्वज यांना केंद्रीय नियमांचे संरक्षण आहे. टेक्सासने २०११ साली दारावर धार्मिक चिन्ह लावण्याचा हक्क दिला, कॅलिफोर्नियानेही तशी तरतूद केली आहे. दाराला तोरण किंवा गणपती लावणाऱ्यांना अशा तरतुदींचा आधार घेता येतो. आकाराच्या मर्यादा राज्यागणिक वेगळ्या आहेत.

बाकी रोजच्या जगण्यातील बंधने बारीक असतात: भिंतींचा रंग, कुंपणाची उंची, लॉनची निगा, ड्राइव्हवेत उभी राहणारी व्हॅन, घर भाड्याने देणे. बाहेरून दिसणाऱ्या बदलाला आधी समितीची लेखी मंजुरी लागते. जुने घर घेताना इथेच फसगत होते. आधीच्या मालकाने परवानगीशिवाय बांधलेला डेक पाडण्याची नोटीस नव्या मालकाच्या नावाने येऊ शकते.

खरी जोखीम पैशांची आहे, आणि लोक नेमके तिकडे दुर्लक्ष करतात. दरमहा वर्गणी कमी म्हणजे घर स्वस्त, हा हिशेब धोक्याचा. छप्पर, रस्ते, तलाव यांच्या मोठ्या दुरुस्तीसाठी राखीव निधी साठवलेला नसेल तर एक दिवस प्रत्येक घरावर जादा वर्गणी बसते. फ्लोरिडातील सर्फसाइड येथील चॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही इमारत २४ जून २०२१ रोजी कोसळून ९८ माणसे गेली. ती कॉन्डो असोसिएशनची, म्हणजे सदनिकाधारकांच्या अशाच संघटनेची, इमारत होती. दुरुस्त्या वर्षानुवर्षे रखडल्या होत्या, निधी अपुरा होता, आणि दीड कोटी डॉलरची जादा वर्गणी नुकतीच ठरली होती. त्यानंतर फ्लोरिडाने तीन किंवा अधिक मजल्यांच्या कॉन्डो इमारतींना रचनात्मक दुरुस्तीचा निधी साठवणे सक्तीचे केले.

वर्गणी थकली की असोसिएशन घरावर बोजा चढवते आणि अनेक राज्यांत घर लिलावातही काढू शकते, बँकेचे हप्ते वेळेवर जात असले तरी. कॅलिफोर्नियात मूळ थकबाकी १,८०० डॉलरच्या खाली असेल आणि १२ महिन्यांपेक्षा जुनी नसेल, तर लिलाव करता येत नाही. टेक्सासमध्ये केवळ दंडाच्या थकबाकीसाठी घर विकता येत नाही, वर्गणीसाठी येते.

हे सारे क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पूर्ण होण्याच्या, दिवशी वाचायला घेणे म्हणजे वेळ निघून गेल्यावर जागे होणे. अनेक राज्यांत विक्रेत्याने कागद देणे बंधनकारक आहे. काही ठिकाणी ते मिळाल्यावर थोड्या दिवसांत करार रद्दही करता येतो. नियमांबरोबर अंदाजपत्रक, राखीव निधीचा अहवाल, चालू खटल्यांची माहिती आणि गेल्या वर्षा-दोन वर्षांची इतिवृत्ते मागावीत. गळके छप्पर आणि येऊ घातलेली वर्गणी यांचा पहिला उल्लेख इतिवृत्तांतच सापडतो. त्या घरावर नियमभंगाची नोंद आहे का, हे असोसिएशनकडून लेखी घ्यावे. आणि हे कागद समाधानकारक वाटले तरच खरेदी पुढे जाईल, अशी अट करारातच लिहून घ्यावी.