न आठवणारी जाग

घरात कुणी मोठमोठ्याने घोरत असलं की आपण म्हणतो, काय ढाराढूर झोपलाय! तोच माणूस आठ तासांनी जड डोक्याने उठतो आणि दुपारी खुर्चीतच पेंगू लागतो. घरचे त्याला आळशी ठरवून मोकळे होतात. खरं तर त्याची रात्र जागण्यात गेलेली असू शकते, आणि त्याचा पत्ता त्याला स्वतःलाही नसतो!

झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात. काहींच्या घशात मुळातच जागा कमी. वजन हे एक कारण, पण खालचा जबडा लहान असेल तर सडपातळ माणसाचंही तेच होतं. जीभ मागे सरकते, वाट बंद होते. छाती हवा ओढत राहते, आत काहीच जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, तसा मेंदू माणसाला ढोसून उठवतो. एक घुसमटता श्वास, आणि पुन्हा झोप. काही सेकंदांचं हे जागेपण स्मरणात राहत नाही.

हा स्लीप ॲप्निया. श्वास किमान १० सेकंद थांबला किंवा फार मंदावला, तरच तो मोजतात. तासाला ३० वेळा असं झालं तर विकार तीव्र. म्हणजे आठ तासांत २४० वेळा!

मला सर्वांत थक्क करते ती लघवीची भानगड. मिटलेल्या घशातून हवा ओढताना छातीतला दाब घटतो, हृदयाचे कप्पे ताणले जातात. हृदयाची समजूत होते की अंगात पाणी फार झालं. ते मूत्रपिंडांना पाणी टाकायला लावणारं संप्रेरक सोडतं. माणूस रात्री दोन-तीनदा उठतो आणि साखर तपासून येतो. (तीही तपासावीच.) घशाचा संशय कुणालाच येत नाही.

१९८० पर्यंत स्लीप ॲप्नियावर खात्रीचा उपाय एकच होता : गळ्याला छिद्र पाडणं. त्या वर्षी सिडनीत डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी एका रुग्णाच्या नाकातून दाबाने हवा सोडली. सुरुवातीच्या अशा यंत्रांत चक्क व्हॅक्यूम क्लीनरची मोटर असे. दाब कमी केला की श्वास अडे, वाढवला की सुरू होई. सलिव्हननी हे पुन्हापुन्हा करून पाहिलं, मग दाब तसाच ठेवला. तो माणूस सलग सुमारे सात तास झोपला आणि दुसऱ्या दिवशी पेंगलाच नाही.