सोलापूरहून राजगड, तेही जाऊन-येऊन

सोलापूरकराला किल्ला म्हटला की भुईकोट आठवतो. गावातलाच बघा ना, रिक्षातून उतरायचं आणि चालत आत शिरायचं. नळदुर्ग तसाच, परांडाही तसाच. खंदक आहेत, बुरूज आहेत, दमवणारा चढ मात्र नाही. चार-पाच दिवसांनी आलेलं पाणी टाकीत पडतंय का हे बघायला गच्चीवर जातो, तेवढाच आमचा चढाचा सराव. अशा गावातून आम्ही बारा-तेरा जण टेम्पो ट्रॅव्हलर करून राजगडाला जातो, तेव्हा शेजारीपाजारी विचारतात, "शनिवार-रविवारात जमतंय व्हय?"

जमतं. पण हिशोब नीट मांडावा लागतो, आणि तो सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसापासून सुरू करावा लागतो.

संभाजी तलावावर सकाळी फिरणारा हा आमचा घोळका. एक यंत्रमागवाले काका, एक निवृत्त नर्स, दोन-तीन नोकरदार जोडपी, कॉलेजातली दोन पोरं. मी शाळेत भूगोल शिकवते. आणि पूर्व भागातल्या अक्का, वय साठीच्या पुढं. घरी तेलुगू, बाजारात कन्नड, आमच्याशी मराठी आणि डोंगराशी बहुधा तिन्ही. आनंद बनसोडे 2012 मध्ये एव्हरेस्टवर जाऊन आल्यापासून 'सोलापूरचा माणूस आणि डोंगर?' असं म्हणायची सोय राहिली नाही. तरी एव्हरेस्ट वेगळं आणि रविवारचा राजगड वेगळा. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही 1,646 मीटरच. विरळ हवेचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या पुढं सुरू होतो. त्यामुळे राजगडावर धाप लागली तर दोष हवेचा नाही, आपल्या मांड्यांचा.

राजगड जवळपास 1,400 मीटर उंच. गुंजवणे गावातून चोर दरवाजाने गेलं तर 600 मीटरच्या आसपास चढ पडतो. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक ठोकताळा सांगितला होता: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. त्या मापाने गडावरच्या पद्मावती माचीवर दोन तासांत पोचायला हवं. आम्ही तीन धरतो. नेस्मिथच्या सोबत्यांत अक्का नव्हत्या, आणि दर वळणावर फोटो काढणारी जोडपीही नव्हती.

पहिला अर्धा तास सगळ्यात फसवा. अंगात जोर असतो, गार वारा असतो, कॉलेजची पोरं पळत सुटतात. पुढचे जोरात गेले की मागचे त्यांना गाठायला धापा टाकत येतात. ते पोचेपर्यंत पुढच्यांची विश्रांती झालेली असते, ते लगेच निघतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. गट फुटतो तो इथं. म्हणून आमच्यात सर्वांत पुढं वाट माहीत असलेला माणूस, त्याच्या मागं अक्का, आणि सर्वांत शेवटी नर्सबाई, औषधाची पिशवी घेऊन. त्यांच्या मागं कुणी राहायचं नाही, अगदी लघवीला थांबायचं झालं तरी सांगून. चालता चालता बोलता येईल एवढाच वेग. बोलणं तुटायला लागलं की वेग जास्त झाला, याला घड्याळ लागत नाही.

चोर दरवाजाच्या खाली कातळात पायऱ्या आहेत आणि धरायला रेलिंग. अवघड असं काही नाही, पण खाली बघितलं की पोटात गोळा येतो. अक्का तिथं थांबल्या. दोन्ही हातांनी रेलिंग धरलेलं, बोटं पांढरी पडलेली. काका वरून ओरडायला लागले, "या की अक्का, काय नाही होत!" नर्सबाईंनी त्यांना हातानेच गप्प केलं. मग अगदी हळू आवाजात, "अक्का, उजवा पाय. तिथं खोबण आहे. ठेवला? आता हात सरकवा." एका वेळी एकच गोष्ट. घाबरलेल्या माणसाला धीर देणारी चार तोंडं नको असतात, पुढची पायरी कुठं आहे ते सांगणारं एक पुरतं. दरवाजातून वाकून आत गेल्यावर अक्का पहिलं वाक्य बोलल्या ते तेलुगूत, आणि ते काकांना उद्देशून होतं. कुणी भाषांतर केलं नाही.

माचीवर पद्मावतीचं देऊळ आहे, तळं आहे, शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाईंची समाधी आहे. सईबाई 1659 मध्ये इथंच गेल्या. पुढं 1670 मध्ये महाराजांचे पुत्र राजाराम यांचा जन्मही याच गडावर. जेवणाला आम्ही सोलापूरचंच नेतो: कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा. ज्वारीची ही पापडासारखी भाकरी बरेच दिवस टिकते, पिशवीत तिचा चुरा झाला तरी बिघडत नाही. तशीच कोरडी खाल्ली तर मात्र पाणी फार लागतं, म्हणून गडावर मावशींकडून ताक घ्यायचं, त्यात चुरायची, वरून चटणी. घामातून गेलेलं मीठ आणि पाणी दोन्ही एकाच वाडग्यातून परत मिळतं. माणशी तीन लिटर पाणी तरी बरोबर असावंच.

जेवल्यावर मी माझा तास घेते, ऐकणारे ऐकतात. समोरचे कडे बघा, एकावर एक थर दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला, थंड झाला, त्याचे हे थर. हाच खडक सोलापूरच्या काळ्या रानाखालीही आहे. तिथं तो झिजून माती झाला, इथं कापला जाऊन उभा राहिला. आणि खाली ती गुंजवणी. ती नीरेला मिळते, नीरा नरसिंहपूरला भीमेला, भीमा पंढरपूर करून सोलापूरसाठी पाणी उचलतात त्या टाकळीपर्यंत येते. धरणं आणि कालवे पिऊन जे उरेल ते. "म्हणजे इथला पाऊस आमच्या नळाला?" काकांनी विचारलं. अक्का म्हणाल्या, "म्हणूनच चार दिवस लागतंय."

ऋतूचं थोडक्यात. सोलापूरच्या उन्हाची सवय आहे म्हणून मे महिन्यात डोंगर चढायला जाऊ नये. सावलीत बसून सोसलेलं ऊन वेगळं, कातळावर चढताना सोसलेलं वेगळं. भर पावसातही नको. आमच्याकडे वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पडतो, महाबळेश्वरला त्याच्या दहापट. शेवाळलेल्या दगडावर पाय कसा टाकायचा हे आमच्या पायांना ठाऊकच नसतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी बरा. कड्यांना आग्यामोहोळं असतात, तेव्हा अत्तर, धूर आणि आरडाओरडा तिन्ही घरी ठेवावं.

पण खरं सांगू? या सगळ्यात डोंगराची भीती मला कमीच. भीती वाटते ती रस्त्याची. सोलापूर ते गुंजवणे 300 किलोमीटर. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, मग पुणे ओलांडून नसरापूर, मार्गासनी. बहुतेक गट शनिवारी रात्री दहाला निघतात, पहाटे पोचतात, न झोपता चढतात आणि त्याच ड्रायव्हरला घेऊन रात्री परततात. मला हे पटत नाही. आम्ही शनिवारी दुपारीच निघतो, पायथ्याच्या गावात कुणाच्या तरी ओसरीवर चादरी पसरून झोपतो आणि उजाडायला चढतो. खर्च थोडा वाढतो. बालेकिल्ला झाला असो वा नसो, दुपारी एकला उतरायला लागायचं, हे आदल्या रात्रीच ठरलेलं असतं. सुवेळा माची बघायची राहते, संजीवनी राहते, पोरं कुरकुरतात. कुरकुरू देत. ड्रायव्हर दिवसभर खाली झोपलेला असतो, आणि परतीला एक जण त्याच्या शेजारी जागा राहतो. ते काम काकांचं, कारण त्यांचं बोलणं तसंही थांबत नाही.

सोमवारी जिना उतरताना मांड्या ओरडतात, चढताना फारसं नाही. उतरताना स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, आणि त्यात त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं, मग आपोआप ओसरतं. बसून राहण्यापेक्षा तलावाला एक फेरी मारलेली बरी. फक्त गुडघा सुजला असेल तर डॉक्टरला दाखवा, आणि उतरताना ती बुटाला टोचू नयेत म्हणून पायाची नखं मात्र निघायच्या आधीच कापा.