इंग्रजी शब्दांची खतावणी

आपल्या सीमाभागातील व्यापाऱ्याचे बाजारात मराठी व कन्नड ह्या दोन भाषांवर भागते. परंतु विम्याची पॉलिसी आणि बँकेचे तारणपत्र बहुधा इंग्रजीतच समोर येते. तरुण मंडळींनी इंग्रजी शब्दसंग्रह वाढवावा, ह्याविषयी दुमत नाही. प्रश्न एवढाच की, कोणते शब्द व कोणत्या रीतीने? प्रस्तुत लेखकाचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तथापि धान्याच्या घाऊक व्यापारात कागदपत्रे वाचता वाचता जे हाती लागले, ते येथे सादर करीत आहे.

उच्च शब्दसंग्रह म्हणजे लांबलचक, अवघड शब्दांचा साठा, अशी सार्वत्रिक समजूत आहे. वस्तुतः परिचित शब्दाचा अपरिचित अर्थ कळणे, हीच खरी वरची पायरी होय. ‘ॲव्हरेज’ म्हणजे सरासरी, हे शाळकरी मुलगाही सांगेल. परंतु आगीच्या विम्यात ‘ॲव्हरेज’चे कलम असले, तर त्याचा अर्थ निराळा होतो. गोदामात १० लाख रुपयांचा माल असून विमा ६ लाखांचाच उतरविला असेल आणि आगीत २ लाखांचे नुकसान झाले, तर भरपाई १ लाख २० हजारांचीच मिळते. कारण उरलेल्या चार-दशांश जोखमीचा धनी व्यापारी स्वतःच मानला जातो. हा अर्थ सही करण्यापूर्वी कळला तरच उपयोगाचा. आगीनंतर कळून काय लाभ?

गंमत अशी की, हा शब्द मूळचा व्यापाऱ्यांचाच. अरबीतील ‘मालाची खराबी’ अशा अर्थाच्या शब्दापासून तो इटालियन बंदरांतून युरोपात पसरला. जहाज वाचविण्यासाठी काही माल समुद्रात टाकावा लागला, तर ते नुकसान सर्व संबंधितांनी हिश्श्याप्रमाणे सोसावयाचे. ह्या वाटणीवरून पुढे ‘सरासरी’ हा अर्थ रूढ झाला.

अशीच दुसरी जोडी ‘कंडिशन’ व ‘वॉरंटी’ यांची. मालविक्रीच्या १९३० च्या कायद्याप्रमाणे कराराची ‘कंडिशन’ मोडल्यास खरेदीदारास करार मोडीत काढता येतो. ‘वॉरंटी’ मोडल्यास केवळ नुकसानभरपाई मागता येते, माल नाकारता येत नाही. तसेच १८७२ च्या करार कायद्यातील ‘कन्सिडरेशन’ म्हणजे विचार नव्हे, तर मोबदला. रेल्वेची वाघीण मुदतीबाहेर अडकवून ठेवल्यास ‘डेमरेज’ पडते. उतरविलेला माल रेल्वेच्या आवारात पडून राहिल्यास ‘व्हार्फेज’.

आता रीतीकडे वळू. सुटे शब्द पाठ केल्याने ते टिकत नाहीत. त्यांचे कूळ ओळखावे. संस्कृतातील ‘हृ’ ह्या एका धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार असे शब्द उपसर्गांनी सिद्ध होतात. इंग्रजीतही हाच न्याय लागू आहे. लॅटिनमध्ये ‘पोर्ट’ ह्या धातूचा अर्थ वाहून नेणे. त्यावरून इम्पोर्ट, एक्स्पोर्ट व ट्रान्सपोर्ट. आम्हा धान्यवाल्यांना तर ‘ग्रॅनम’, म्हणजे दाणा, हा शब्द विशेष जवळचा. ‘ग्रेन’ म्हणजे धान्य व ‘ग्रॅनरी’ म्हणजे कोठार हे उघडच आहे. परंतु दाणेदार दगड तो ‘ग्रॅनाइट’, दाणेदार फळ डाळिंब ते ‘पॉमिग्रॅनेट’, आणि डाळिंबाच्या साम्यावरून हातबॉम्ब तो ‘ग्रेनेड’, हेही त्याच घराण्यातले.

म्हणून शब्दांचीही रोजकीर्द व खतावणी ठेवावी. कागदपत्रात वा वृत्तपत्रात आढळलेला शब्द त्याच दिवशी पूर्ण वाक्यासह रोजकीर्दीत टिपावा आणि आठवड्याअखेरीस तो त्याच्या धातूच्या खात्यावर खतवावा. पाया म्हणून मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेली सुमारे २,००० नित्योपयोगी शब्दांची यादी उत्तम. धातूंच्या अभ्यासास नॉर्मन लुईस यांचे १९४९ चे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ उपयुक्त आहे. भ्रमणध्वनीवर अर्थ क्षणात सापडतो खरा. परंतु तेथे दिलेल्या पाच अर्थांपैकी आपल्या कागदास कोणता लागू, हे वाक्य पाहूनच ठरवावे लागते.

दिवसाकाठी दोन शब्द जमा केले, तरी वर्षाअखेर सातशेंवर शिल्लक राहील. आपल्या तरुण बंधु-भगिनींनी येत्या पाडव्यास नव्या वह्यांबरोबर अशीही एक वही घालावी, आणि तिचे पहिले पान आपल्याच दुकानाच्या विमा-पॉलिसीतील शब्दांनी भरावे, एवढीच नम्र सूचना.