शिवारात जुना दागिना सापडला, तर?
आधी पंचनामा, मग साफसफाई; चिंच आणि तेजाबाची घाई नको

बिबवेवाडी (पुणे) : नांगराच्या तासात, विहिरीच्या खोदाईत किंवा पडक्या वाड्याचा पाया उकरताना कधी हिरवी पडलेली बांगडी, कधी काळीठिक्कर नाणी, तर कधी मण्यांची तुटलेली माळ हाती लागते. अशा वेळी माणसाच्या मनात दोनच गोष्टी येतात. एक, कुणाला सांगू नये. दुसरी, घासून बघावे, सोने आहे का. या दोन्ही गोष्टी नुकसानीच्या आहेत. कशा, ते बघा.

जमिनीत दागिने आले कुठून?

पूर्वी गावात बँक नव्हती. लुटालूट, दुष्काळ, साथ आली की घरचे किडूकमिडूक मडक्यात घालून चुलीखाली किंवा बांधाच्या कडेला पुरायचे आणि गाव सोडायचे. सगळेच परत आले नाहीत. म्हणून जुन्या गावठाणाच्या पांढरीत अशा वस्तू जास्त सापडतात. ही पांढरीची माती आपण खत म्हणून गाड्या भरभरून शेतात टाकत आलो. तिच्याबरोबर मणी, बांगड्यांचे तुकडे, खापरेही शेतात आली. शिरूर तालुक्यातील इनामगावची अशीच पांढर डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात खोदली, तेव्हा घोड नदीकाठी तीन हजार वर्षांपूर्वी शेती करणाऱ्यांची वस्ती उजेडात आली.

बिबवेवाडीही एकेकाळी पुण्याच्या शिवेबाहेरची वाडी होती. आता तिथे सोसायट्या उभ्या आहेत. आज शहराजवळच्या कितीतरी गावांत नांगराची जागा जेसीबीने घेतली आहे. नांगराला मडके अडकले तर बैल थांबतो. जेसीबी थांबत नाही. तेव्हा लक्ष मालकानेच ठेवायचे.

शेतकऱ्यांनीच इतिहास दिला

नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये नहपान राजाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतील बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. कोणी कोणाचा पराभव केला, याचा पुरावा त्या दुहेरी ठशात होता. कोणी ती नाणी राखेने घासून चकचकीत केली असती किंवा आटवली असती, तर तो पुरावाच गेला असता. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबादला १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल्ल यांना झाडाचे मूळ खणताना काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाला. आज जगभरचे अभ्यासक त्या वस्तूंची नावे घेतात.

कायदा काय म्हणतो?

भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे असते. काय सापडले, अंदाजे किंमत किती, कुठे आणि कोणत्या तारखेला, एवढे लिहावे. वस्तू सरकारी कोषागारात जमा करावी किंवा मागाल तेव्हा हजर करण्याचा जामीन द्यावा.

"सरकार सगळे घेऊन जाते" हा समज खरा नाही. चौकशीत निधी बेवारस ठरला आणि जागामालक वेगळा असला, तर आपसात करार नसल्यास सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश व मालकाला एक चतुर्थांश वाटा मिळतो. सरकारला वस्तू हवी असेल, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. म्हणजे लाखाच्या धातूला एक लाख वीस हजार. त्यातले नव्वद हजार सापडणाऱ्याचे, तीस हजार मालकाचे. उलट लपवाछपवी केली, तर वाटा जप्त होतो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, अथवा दोन्ही होऊ शकते.

सरपंच, पोलीस पाटील आणि तलाठी भाऊसाहेबांनीही सापडणाऱ्याला चोरासारखे वागवू नये. माणूस घाबरला की माल रातोरात सोनाराच्या मुशीत जातो. जागेवर पंचनामा करा, फोटो काढा, नगांची यादी करून त्याची एक प्रत सापडणाऱ्याच्या हातात द्या.

साफसफाई : मातीतल्या वस्तूची

सोन्याला गंज चढत नाही, त्याला घाई कशाला? पुरलेली चांदी आतून ठिसूळ झालेली असते. वाकवली की मोडते. तांब्यावरचा घट्ट हिरवा थर वस्तूला राखतो, तो खरवडू नका. मात्र फिकट हिरवी भुकटी सुटत असेल, तर वस्तू कोरड्या जागी ठेवून तज्ज्ञांना लगेच सांगा. चिंच, लिंबू, तेजाब, तारेचा ब्रश काहीही लावू नका. मडके असेल तर आतल्या मातीसह तसेच ठेवा. मण्यांतला कुजका दोराही फेकू नका, तोही पुरावा आहे.

साफसफाई : घरच्या दागिन्यांची

आजीच्या पेटीतल्या दागिन्यांची गोष्ट वेगळी. भरीव सोन्याला कोमट पाण्यात रिठ्याचा फेस, मऊ ब्रश आणि सुती फडके पुरे. बोरमाळेचे पोकळ मणी लाखेने भरलेले असतात. गरम पाण्यात लाख मऊ पडते, म्हणून उकळते पाणी नको. कुंदनाच्या खड्यांखाली चकाकीचा वर्ख असतो. पाणी शिरले की खडा कायमचा काळवंडतो. मोत्यांना लिंबू किंवा व्हिनेगर लावाल तर वरची झळाळी विरघळेल. ओलसर फडक्याने पुसा. साध्या चांदीला अॅल्युमिनियमच्या पातेल्यात गरम पाणी आणि खायचा सोडा चालतो; पातेल्याला चांदी टेकली पाहिजे. खड्यांच्या किंवा मुद्दाम काळपट ठेवलेल्या नक्षीच्या चांदीला हा उपाय नको. दारावर पॉलिश करायला येणाऱ्याच्या हातात तर दागिना देऊच नका. त्याच्या पाण्यात तेजाब असले, तर सोने त्याच्या भांड्यात उतरते.

यंत्र, मांत्रिक आणि पितळी माळ

मेटल डिटेक्टर घेऊन गडकोटांवर फिरण्याचा नाद काही पोरांना लागला आहे. संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय उकरणे गुन्हा आहे. शिवाय यंत्राला हार काय आणि बैलाची नाल काय, दोन्ही सारखेच. गुप्तधनासाठी अघोरी पूजा मांडणाऱ्यांवर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने सहा महिने ते सात वर्षे कैद आहे.

आणि मार्केट यार्डात माल विकून खिशात पट्टीचे पैसे असताना कोणी "खोदकामात सोन्याची माळ सापडली, स्वस्तात देतो" म्हणून कानाशी लागला, तर थेट पोलिसांना कळवा. तो तपासायला देतो तो एक मणी खरा असतो, बाकी माळ पितळेची. आणि समजा, माळ खरी निघाली, तरी ती निखात निधीच. मग विकणारा तर अडकतोच, घेणाऱ्याच्या मागेही चौकशी लागते.