खतावणी गेली, कारकून राहिला

हातमागाच्या जागी यंत्रमाग आला तेव्हा काय बदलले, हे सोलापूरकरांना सांगावयास नको. हिशेबनिसांच्या कचेरीत आज तेच घडते आहे. पूर्वी कारकून पावत्या पाहून रोजकीर्द लिही, तीवरून खतावणी करी आणि तेरीज जुळेपर्यंत घरी जात नसे. ही तिन्ही कामे संगणक आता एका नोंदीत उरकतो. मग कारकुनाला काम उरले काय?

टॉवेलच्या कारखानदाराचेच उदाहरण घेऊ. त्याने सूत घेतले, त्यावर वस्तू व सेवा कर भरला. त्याची वजावट मिळावयाची तर सुताच्या व्यापाऱ्याने ते बिल आपल्या विवरणात दाखविलेले हवे. १ जानेवारी २०२२ पासून तसा कायदाच आहे. बिल दिसत नाही, एवढे यंत्र क्षणात सांगते. पण व्यापाऱ्याला गाठणे, चूक कोणाची ते ठरविणे, हे माणसालाच करावे लागते. लिहिणे घटले, ताडून पाहणे वाढले. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या संगणकी हिशेबात प्रत्येक फेरफाराची तारखेसह नोंद राहते. खाडाखोड लपत नाही.

जोखीम वाढली, पगार मात्र लिहिणाराचाच! त्यात विसांहून कमी नोकर असलेल्या कचेऱ्यांना दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या राज्य कायद्याच्या बहुतेक तरतुदी लागूच नाहीत. यंत्राशी आमचे वैर नाही. नवे काम कामाच्या वेळात शिकवा आणि पारख करणाराला पारखीचे मोल द्या, एवढेच आमचे मागणे आहे.